निळा दिवा

"तो निळा दिवा पुरता विझत नाही बघ," आई म्हणाली होती. गाडी चालवता चालवता, सहज. मी शेजारी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मान वर करून डॅशबोर्डकडे बघायचे कष्टही घेतले नाहीत. "अगं, आत्ताच तर मोतीबिंदू काढलाय. निळं जरा जास्तच दिसणार काही दिवस, डॉक्टर म्हणाले नव्हते का?" एवढं बोलून मी पुन्हा फोनमध्ये गेले. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. वयाने पिवळट झालेलं डोळ्यातलं भिंग निळा रंग अडवून धरतं. ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की इतकी वर्षं दाराशी थांबलेला निळा एकदम आत घुसतो. आईला पांढऱ्या फरश्या निळसर दिसायच्या, म्हणून तिने त्या दोनदा पुसून काढल्या होत्या. त्यामुळे माझं उत्तर तयारच होतं. इतकं तयार, की एकदा दिव्याकडे बघून घ्यावं असंही वाटलं नाही.

आई त्यावर काही बोलली नाही. हेडलाइट लांब मारणाऱ्या अप्परवरून खाली मारणाऱ्या डिपरवर नेणारी दांडी तिने एकदा पुढे, एकदा मागे केली आणि गाडी चालवत राहिली.

महिन्याभरात तिने सांगून टाकलं की दिवस मावळल्यावर ती गाडी काढणार नाही. "उजेड पिवळा पडतो. एका अंगाची कड लागतच नाही." किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. अडुसष्ट वर्षांच्या बाईने रात्री एकटीने गाडी चालवू नये असं आम्हाला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं. फक्त बोलणार कोण, हा प्रश्न होता. तिने स्वतःच विषय मिटवला. वयाबरोबर डोळ्यातली बाहुली आकसते, भिंग गढूळ होतं आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं मी कुठेसं वाचलं होतं. ते मी तिला मोठ्या समजूतदारपणे ऐकवलंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. "पण भिंग तर नवीन आहे ना माझं?" एवढंच विचारलं. त्यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक विषय बदलला असेल.

परवा परवापर्यंत हे सगळं मी विसरूनही गेले होते. मग एका रात्री पावसात मी तीच गाडी चालवत होते. सिग्नलला थांबले. वायपर बंद केले, रेडिओ नव्हताच, आणि समोर कुणी असेल म्हणून दिवे डिपरवर घेतले. अप्पर गेला की डॅशबोर्डवरचा निळा दिवाही विझायला हवा. नजर सहज खाली गेली. निळा दिवा विझला नव्हता. आधी वाटलं, मागच्या गाडीचा उजेड काचेवर पडलाय. तळहाताचा आडोसा केला. तरीही तो होताच. अगदी मंद, राख साचलेल्या निखाऱ्यासारखा. थेट बघितलं तर नाहीसा व्हायचा, नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा दिसायचा. अप्पर केला, नीट निळा झाला. डिपर केला, पुन्हा तोच निखारा. माझ्या डोळ्यांचं कुठलंच ऑपरेशन झालेलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल कधीच सुटला होता.

त्या दिव्याशी माझी ओळख फार जुनी आहे. आईची संध्याकाळची पाळी संपायला रात्रीचे दहा वाजायचे. मग ती आजीकडे येऊन मला उचलायची आणि मागच्या सीटवर आडवं करायची. झोपले आहे असं दाखवत मी दोन सीटांच्या फटीतून पुढे बघत पडलेली असायचे. तिथून रस्ता दिसत नाही. दिसतो तो आईचा कोपर, गिअरचा दांडा आणि डॅशबोर्डवरचा एक निळा ठिपका. रस्ता मोकळा असला की ठिपका चालू. तो विझला की समजायचं, समोरून कुणीतरी येतंय. मग मी मनात आकडे मोजायचे. चार, पाच, सहा, आणि छपरावरून उजेडाचा एक पट्टा सरकत मागे जायचा. गाडी निघून गेली की आईचं बोट दांडीला लागायचं, टक असा आवाज यायचा आणि निळा पुन्हा उगवायचा. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की तो दिवा आपोआपच ओळखतो कोण येतंय ते.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडण्याआधी मी गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. अंधार पडल्यावर, इंजिन बंद ठेवून. भिंतीवर दोन ठिपके पडले आणि ते एकमेकांचे सख्खे तर सोडाच, चुलतही वाटेनात. उजवा पिवळसर पण ठीक होता. डावा म्हणजे नुसता शेंदरी डाग, ना त्याला कड ना पसारा. याच अंगाची कड आईला लागत नव्हती. डाव्या दिव्याच्या काचेत वाकून बघितलं तर बल्बच्या आत दोन्ही तारा लालभडक दिसत होत्या. डिपरवर एकच तार पेटायला हवी, इथे दोन्ही अर्धवट पेटलेल्या.

यावर शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी बल्ब आणला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला हा आमचा घराण्यातलाच गुण आहे, फक्त आई त्याला अपवाद. नवा बल्ब तोच नेहमीचा, एच-४. १९७१ साली आलेली ही रचना जुन्या गाड्यांत अजून ठाण मांडून आहे. एकाच काचेत दोन तारा, अप्परला ६० वॅट, डिपरला ५५, आणि डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी, खाली जाणारा उजेड अडवणारी. मागे तीन पाती: एक अप्परचं, एक डिपरचं, एक दोघांचं सामायिक. बसवताना काचेला बोट लागू द्यायचं नाही, कारण बोटाचं तेल त्या तापलेल्या काचेवर भाजतं आणि तिथेच काच फुटते. हे मला आईनेच शिकवलं होतं. तिच्या गाडीच्या कप्प्यात कायम एक जादा बल्ब रुमालात गुंडाळलेला असायचा. नवा बल्ब लावला. शेंदरी डाग जसाच्या तसा. मग डावा-उजवा अदलाबदल करून बघितली. डाग डावीकडेच राहिला, बल्ब मात्र उजवीकडे जाऊन छान पेटला. बल्बचा काही दोष नव्हता.

इथेही थांबले नाही, ते सांगायला लाज वाटते. जास्त ताकदीचे बल्ब मिळतात, १०० आणि ९० वॅटचे. ते आणून लावले. उजवीकडे थोडा फरक पडल्यासारखा वाटला, डावीकडे काहीच नाही. दहा मिनिटांनी गाडीत गरम प्लास्टिकचा वास यायला लागला. डिपरची दांडी जिथून बाहेर येते तिथे हात लावला तर तो भाग तापलेला. जुन्या गाड्यांत दोन्ही हेडलाइटचा सगळा प्रवाह त्या दांडीतल्या बोटभर स्विचमधून जातो. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. मी तो पंधराच्या घरात नेऊन ठेवला होता. तारा तेवढ्याच बारीक, स्विचच्या टिकल्या तेवढ्याच झिजलेल्या. बल्ब काढले आणि मुकाट्याने जुने लावले. बल्बच्या पात्यांवर बसणाऱ्या, बाहेर काढलेल्या कपलरची एक कड तपकिरी झाली होती. ती आधीची की माझ्या पराक्रमाची, हे बघायची हिंमत केली नाही.

मग मीटर काढला. मल्टिमीटर हातात आला की माणसाला उगाच आपण डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. डाव्या बल्बचा कपलर काढला, लाल टोक डिपरच्या पातीला, काळं टोक बॅटरीच्या वजा टोकाला. १२.४. म्हणजे वीज येतेय. सामायिक पाती बॉडीशी जोडलेली आहे का बघायला मीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला. टुं! म्हणजे 'अर्थ', विजेची बॉडीतून परतीची वाट, तीही आहे. दोन्ही तपासण्यांत पैकीच्या पैकी. कपलर परत लावला, दिवा लावला, शेंदरी डाग. पुन्हा काढला, पुन्हा मोजलं, पुन्हा १२.४ आणि पुन्हा टुं. माझा विश्वास मीटरवर, मीटरचा गाडीवर, आणि भिंत मात्र सांगतेय की दोघेही खोटं बोलताय.

दोन रात्री मी यातच काढल्या. मीटर खोटं बोलत नव्हता, हे नंतर कळलं. मी त्याला भलताच प्रश्न विचारत होते. मीटर मोजताना तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. तारेचा एकच केस शाबूत राहिला असला, बाकीचे सगळे सडून गेले असले, तरी त्या एका केसावरून पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. ओझं टाकून बघितल्याशिवाय खरं कळत नाही. आणि त्या टुं आवाजाचं तर बोलायलाच नको. बरेच मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही खुशाल वाजतात. हेडलाइटची तापलेली तार स्वतःच अडीच ओहमची असते. तिच्यामागे दहा ओहमचा गंज बसला तर दिवा मेल्यातच जमा, आणि मीटर तरी आनंदाने टुं करणार. उलट थंड बल्ब मोजायला गेलं तर अडीच ओहमही येत नाहीत, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास काहीतरी येतं, कारण तार तापल्यावरच तिचा अवरोध वाढतो. म्हणजे थंड गाडीवर मोजलेलं काहीच गरम गाडीबद्दल धड सांगत नाही.

कोडं सुटलं ते गाडीपाशी नाही, जेवणाच्या टेबलावर. गाडीच्या कप्प्यात मूळ पुस्तिका होती, घड्यांवर फाटलेली, तिच्यात वायरिंगचा नकाशा. जर्मन पद्धतीचे आकडे. ३० म्हणजे बॅटरीची अधिक बाजू, ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ३१ म्हणजे परत. पांढरी वायर अप्परची, पिवळी डिपरची, तपकिरी परतीची. मी त्यावर पेन्सिलीने बोट फिरवल्यासारखी रेघ ओढत गेले. बॅटरीतून निघून, फ्यूजमधून, स्विचमधून, पिवळ्या तारेने डाव्या बल्बच्या डिपरच्या तारेत. पुढे सामायिक पाती, तिथून तपकिरी, तिथून बॉडी, बॉडीतून बॅटरी. ही झाली शहाण्या विजेची वाट. आता तपकिरी तार बंद आहे असं समजू. वीज सामायिक पातीपर्यंत आली आणि पुढे दार लावलेलं. ती काय करेल? त्याच पातीला बल्बच्या आतली अप्परची तारही जोडलेली आहे. ती त्या तारेतून उलटी शिरेल आणि पांढऱ्या वायरमध्ये निघेल. ही पांढरी वायर कुठे कुठे जाते? एक फाटा उजव्या बल्बच्या अप्परच्या तारेकडे, तिथून उजव्या बाजूची धडधाकट तपकिरी, आणि परत घर. दुसरा फाटा डॅशबोर्डकडे.

डॅशबोर्डवरच्या निळ्या दिव्याकडे.

मी पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा उचलून हिशोब केला. तीन तारा एकामागोमाग एक, डाव्याची डिपर, डाव्याची अप्पर, उजव्याची अप्पर. १२ व्होल्टचे तीन वाटेकरी. प्रत्येकाच्या वाट्याला चार, म्हणून डावीकडे दोन्ही तारा लाल. आणि पांढऱ्या वायरवर राहिलेले तेच चार व्होल्ट निळ्या दिव्याला मिळणार. चार व्होल्टवर तो असाच पेटणार, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. आईने जे सांगितलं होतं ते एका वाक्यातलं अचूक निदान होतं. बल्बचा नाही, स्विचचा नाही, फ्यूजचा नाही, परतीच्या वाटेचा दोष. वायरिंगवाल्या जुन्या हाताला ते वाक्य सांगितलं असतं तर त्याने चहा न संपवता सांगितलं असतं, डाव्या दिव्याचा अर्थ बघा. मी मात्र तिला तिच्या डोळ्यांबद्दल सांगत बसले.

(सगळ्याच गाड्यांना हा हिशोब लागू नाही, हेही सांगून ठेवते. काही गाड्यांत अधिक बाजू थेट बल्बपर्यंत आलेली असते आणि स्विच परतीच्या वाटेवर बसवलेला असतो. तिथे माझी पेन्सिल पार उलटी फिरली असती. आधी नकाशा बघावा.)

सकाळी खरी तपासणी केली, ओझ्यासकट. कपलर बल्बला लावलेलाच, दिवा चालू. लाल टोक कपलरच्या मागून तपकिरी तारेला खुपसलं, काळं बॅटरीच्या वजा टोकाला. दोन्ही एकाच वाटेची टोकं, म्हणजे मधे शून्य दिसायला हवं. फार तर एखाद-दोन दशांश. आले ६.८. परतीच्या वाटेवर जवळजवळ सात व्होल्ट अडकून बसले होते. उजव्या बाजूला तेच मोजलं, ०.१. एक जाड तार घेतली, एक टोक बॅटरीच्या वजाला, दुसरं डाव्या सामायिक पातीला टेकवलं. भिंतीवरचा शेंदरी डाग पांढरा झाला. आतून बघितलं, निळा ठिपका गेलेला. तार काढली, तो आला. लावली, गेला. हे मी गरजेपेक्षा बरेच जास्त वेळा केलं.

आता ती तपकिरी तार बॉडीला भेटते कुठे, ते शोधायचं होतं. बॅटरी बाहेर काढली, तिचा ट्रे काढला, शेवटी डावा हेडलाइट त्याच्या घरातून सुटा केला. मागे, हात जेमतेम जाईल अशा कोपऱ्यात, एक दहाचा नट आणि त्याखाली थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाचं धातूचं कडं. पाना लावला तर नट फिरेना. उजेड टाकला. नट, थिंबल, भोवतीचा पत्रा, सगळं एकाच रंगाचं होतं. छान, गुळगुळीत, चकचकीत निळं.

तो रंग मी दिला होता. म्हणजे माझ्या हाताने नव्हे, पण पैसे माझे, हट्ट माझा. तीन वर्षांपूर्वी गाडीचं पुढचं तोंड उतरलं होतं, ठिकठिकाणी गंज दिसत होता. आईच्या पासष्टीला मी तिला न सांगता गाडी रंगवायला दिली. "पत्र्यावर गंज आहे म्हणून काय झालं, चालते ना," असं ती म्हणाली असती म्हणूनच न सांगता. रंगवणाऱ्यांनी अर्थाचा नट सोडवून, पत्रा घासून, थिंबल खाली ठेवून, मग रंग वर द्यायला हवा होता. त्यांनी बहुधा थिंबल काढून पत्रा रंगवला, रंगावर थिंबल बसवलं आणि वरून आणखी एक हात मारला. रंग वीज सोडत नाही. तरी नटाच्या आट्यांमधून कुठेतरी धातू धातूला लागत राहिला असणार, म्हणून दिवा लगेच नाही गेला. मग रंगाखाली ओल शिरली, आटे गंजले, आणि वाट महिन्यामहिन्याने अरुंद होत गेली. एका रात्रीत बंद पडली असती तर त्याच रात्री कळलं असतं. ही अशी, केस पांढरे व्हावेत तशी गेली.

याच काळात आईच्या डोळ्यात मोतीबिंदूही पिकत होता. हे दुर्दैव म्हणायचं की योगायोग, मला ठरवता येत नाही. तो खोटा नव्हता. डॉक्टरांनी दाखवला, काढला, तिला वाचताना खरोखर फरक पडला. उपाशी तार पिवळी दिसते, पिकलेल्या भिंगातून जगही पिवळं दिसतं. दोन वेगळ्या कारणांचा एकच रंग. आधी तिचा डोळा दुरुस्त झाला, तेव्हा उरलेला पिवळेपणा दिव्याचा होता, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. तिच्या आलं होतं. म्हणून तर तिने विचारलं, भिंग नवीन आहे ना माझं?

नट निघायला तासभर लागला. तेल सोडून, थांबून, पुन्हा. थिंबलच्या पोटाशी हिरवी पूड होती, न घासलेल्या तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशी. तारेवरचं प्लास्टिक चिरलं तर आतलं तांबं काळं पडलेलं, दोन इंच आत गेल्यावर लाल सापडलं. तेवढं कापलं, नवं थिंबल दाबून बसवलं. पत्रा पॉलिश पेपरने घासताना मात्र हात रेंगाळला. तीन वर्षांपूर्वी हौसेने दिलेला रंग मी आता नाण्याएवढ्या गोलात खरवडत होते, खालचा पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. दातेरी वॉशर टाकलं, नट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं. ०.०८.

खरं तर इथे संपायला हवं होतं. पण आता सवय लागली होती. उजवा दिवा, ज्याला मी इतके दिवस चांगला समजत होते, त्याच्या अधिक बाजूला मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.७ आणि बल्बच्या पातीवर ११.४. सव्वादोन व्होल्टचं पाणी मधेच कुठेतरी मुरत होतं. फ्यूजच्या टोकांवर थोडं, जुन्या कपलरमध्ये थोडं, आणि सगळ्यात जास्त त्या तापणाऱ्या दांडीच्या स्विचमध्ये. हेडलाइटच्या तारेचं गणित फार निर्दयी असतं. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड दहा टक्के नाही, तीसएक टक्क्यांनी उतरतो. उरलेला उजेडही पिवळा, कारण तार पुरती तापत नाही. म्हणजे शेंदरी डाव्याशेजारी जो मला ठीक दिसत होता, तोही अर्धपोटीच होता. त्याला तुलनेची सवलत मिळाली होती.

रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, बसवायला एक रविवार गेला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड तार रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्याला, जुन्या स्विचची तार ८६ ला, ८५ अर्थला, आणि असं दोनदा, अप्परसाठी वेगळा आणि डिपरसाठी वेगळा. आता दांडीतून पाव अँपिअरही जात नाही, ती नुसता हुकूम देते. बल्बच्या पातीवर १३.२ आले. डिपर केला की बॉनेटखालून एक बारीक टक ऐकू येतो. मागच्या सीटवरून ऐकलेला टक यापेक्षा जड होता. तो पुरा नऊ अँपिअरचा होता, हे आता कळतं.

आईला सांगायचं होतं, आणि तेच लांबत होतं. शेवटी भाजी निवडता निवडता सांगितलं. रंगापासून सगळं. तिने मधे एकदाच थांबवलं, "परतीवर किती आले होते?" मी म्हटलं ६.८. तिने भुवया उंचावल्या, जशी माझ्या शाळेतल्या मार्कांवर उंचावायची, कौतुक की नापसंती ते न कळू देता. मग म्हणाली, "रंग छान दिलाय पण." त्यापुढे माझी जी काही माफी वगैरे तयार होती ती तशीच राहिली. निळ्या दिव्याबद्दल ती काही बोलली नाही. मी तेव्हा फोनमध्ये होते हे तिच्या लक्षात आहे की नाही, हेही मला कळलं नाही. विचारलंही नाही.

त्या रात्री तिला गाडीत बसवलं. ड्रायव्हरच्या सीटवर, किल्ली तिच्याच हातात. मी बॉनेटपाशी, भिंत पाच मीटरवर. मी म्हटलं, "अप्पर." काचेआडून आवाज आला, "लागला." "डिपर." टक. थोडा वेळ काहीच उत्तर नाही. ती डॅशबोर्डवर वाकली होती. दोन्ही तळहातांचा आडोसा करून बघत होती, अगदी मी सिग्नलला केला होता तसाच. मग सावकाश सरळ बसली.

"विझला," म्हणाली. आणि लगेच, "डावा जरा वर मारतोय गं."

भिंतीवर दोन्ही ठिपके पांढरे, काठ स्वच्छ, एका ओळीत. मला तरी एका ओळीत दिसत होते. हेडलाइट सुटा करताना मीच बाहेर काढला होता आणि मीच मोजूनमापून परत बसवला होता. तोंडावर आलं होतं, आई, काही वर मारत नाहीये. मी गाडीतून टेप आणली. दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजलं, भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ ओढली. पाच मीटरवर उजेडाचा वरचा काठ या रेघेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली पडायला हवा. उजवा पाचवर होता. डावा तीनवर.

"दोन सेंटिमीटर," मी ओरडून सांगितलं.

"मग पिळ ना तो स्क्रू," आई आतून म्हणाली. "मी बघते इथून."